साभार परत

माझ्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला सगळी गल्ली ‘साभार परत’ म्हणते. तोंडावर नाही म्हणत, पाठीमागेच म्हणते, पण इतक्या मोठ्यानं की त्यांना ऐकू जातंच. कुणी नवखा माणूस दुरुस्तीचं दुकान विचारत आला, की कोपऱ्यावरचा शिंपी शिलाईवरून मान न उचलता सांगतो, "साभार परत ना? डाव्या हाताला चौथं. वेळ काढून जा."

मी त्यांना भाऊजी म्हणते. नातंच असं की चेष्टा करायचा मला हक्क आहे, आणि तो मी गेली सव्वीस वर्षं बजावते आहे. तेही काही कमी नाहीत. मी दुकानाची पायरी चढले की चष्मा कपाळावर ढकलून म्हणणार, "या, पदवीधर मेहुणीबाई. आज आमच्या अज्ञानाचं काय करणार?" मग तोच चष्मा पाच मिनिटांनी टेबलभर शोधणार.

दुकान म्हणजे पुढे एक लाकडी काउंटर, त्यावर भिंग लावलेला दिवा, डाग द्यायची म्हणजे सोल्डरिंगची इस्त्री आणि स्क्रूंनी भरलेली अकरा झाकणं. मागे एक खोली. खोलीतून जिना वर जातो, वर ताईचा संसार. वीज गेल्यावर लागणारे दिवे, ट्रिमर, ड्रिल, फोन, मुलांच्या चावीच्या नव्हे तर चार्जिंगच्या मोटारी, असं जे जे म्हणून बॅटरीवर चालतं आणि एके दिवशी चालायचं थांबतं, ते सगळं या काउंटरवर येतं. भाऊजी नवी बॅटरी घालून देतात. इथपर्यंत ते चारचौघांसारखे आहेत. गंमत याच्या पुढे सुरू होते.

सलूनवाला ट्रिमर घ्यायला आला होता तेव्हाची गोष्ट. मी तिथंच स्टुलावर बसले होते.

"झाला?"

"झाला. आता वर्षभर बघायला नको."

"बरं, ती जुनी टाकून द्या."

"कुठं?" भाऊजींनी विचारलं.

"कुठं म्हणजे? टाकून द्या हो!"

"तेच विचारतोय. ‘टाकून द्या’ नावाचं गाव कुठल्या रस्त्याला लागतं ते सांगा, मी स्वतः नेऊन पोचवतो."

सलूनवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून पर्स चाचपली. अशा वेळी नातेवाइकानं कसं वागावं हे मला अजून कळलेलं नाही.

तो गेल्यावर भाऊजींनी त्या जुन्या बॅटरीच्या दोन्ही टोकांना काळी चिकटपट्टी लावली. मग कागदाची बोटभर पट्टी कापली आणि तिच्यावर मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत लिहिलं: कंपनीचं नाव, बॅटरी विकल्याची तारीख, बंद पडल्याची तारीख. ती चिठ्ठी बॅटरीवर पारदर्शक टेपनं डकवली आणि मागच्या खोलीत नेऊन कोरड्या वाळूनं भरलेल्या पत्र्याच्या डब्यात निजवली. ‘ठेवली’ म्हणायला हवं, पण ते ज्या हातानं ठेवतात त्याला दुसरं क्रियापद मला सापडत नाही.

असे त्रेचाळीस डबे होते. एकेका कंपनीचे वेगळे. भाऊजींना कंपन्यांची नावं उच्चारायला आवडत नाही, ते शिक्क्यांवरून ओळखतात. घुबडवाली, कोंबडावाली, तीन चांदण्यांची, निळ्या पट्टीची. घुबडवालीचेच नऊ डबे.

"दमली बिचारी," झाकण लावत ते म्हणाले. "सासरी वर्षभर राबली. आता माहेरी जाईल."

जिन्यावरून लगेच आवाज आला. ताईचे कान असे की वर कुकरच्या तीन शिट्ट्या चालू असतानाही तिला खालचं सगळं ऐकू येतं.

"ऐकलंस ना गं? बॅटरीला माहेर आहे! मी तीन वर्षं म्हणतेय, बहिणीकडे चार दिवस राहून येते."

"तू कुठं दमलीस?" भाऊजी जिन्याकडे बघून म्हणाले. "तू अजून फुल चार्ज आहेस."

आमचे आईवडील गेले, तेव्हापासून माझं घर हेच ताईचं माहेर. दोन स्टॉप पलीकडे. पण तिला यायला जमत नाही, कारण भाऊजींना जेवणाची वेळ सांगावी लागते, चष्मा कुठंय ते सांगावं लागतं आणि क्वचित, आज कोणता वार आहे तेही.

तर हे ‘माहेर’ प्रकरण अकरा वर्षांपूर्वी सुरू झालं. नव्या वस्तूच्या खोक्यात घडी घातलेला पातळ कागद असतो ना, जो आपण खोक्यासकट फेकतो? तो शेवटपर्यंत वाचणारा माणूस मी एकच पाहिला आहे. त्या कागदाच्या तळाशी एक कचऱ्याचा डबा काढलेला होता, त्यावर फुली, आणि खाली ओळ: वापर संपल्यावर बॅटरी कचऱ्यात टाकू नये, कंपनीकडे परत करावी. कशी, कुठं, कुणाच्या हातात, याबद्दल एक अक्षर नाही. भाऊजींनी कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं की आपल्या बहुमूल्य सूचनेबद्दल आम्ही आभारी आहोत. सूचना त्यांचीच होती, हे भाऊजींनी दुसऱ्या पत्रात कळवलं. त्यालाही आभार आले.

मग ते एक डबा घेऊन थेट टपाल कचेरीत गेले. तिथल्या बाईंनी डबा हलवून पाहिला, आतली खडखड ऐकली आणि दोन्ही हात वर केले. डबा काखेत घेऊन भाऊजी परत येताना शिंप्यानं पाहिलं. "काय हो, साभार परत का?" एवढंच तो म्हणाला, आणि माणसाचं बारसं झालं.

पाच वर्षांपूर्वी मात्र चक्क कायदाच आला. बॅटरी बनवणाऱ्यानं ती वापरून झाल्यावर परत घेतलीच पाहिजे, तिची नीट विल्हेवाट लावलीच पाहिजे. ज्या दिवशी ही बातमी वर्तमानपत्रात आली त्या दिवशी भाऊजींनी गल्लीत पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. कायद्याची अठ्ठेचाळीस पानं त्यांनी कुठूनशी छापून आणली आणि माझ्यापुढे ठेवली. "तुम्ही पदवीधर. वाचा आणि आम्हाला सोप्या भाषेत सांगा."

मी वाचली. मन लावून वाचली. छत्तीस पानं. उरलेली बारा पानं परिशिष्टं होती, नुसती कोष्टकं आणि आकडे, आणि त्या वेळी माझं दूध उतू चाललं होतं. परिशिष्ट कोण वाचतं? मी भाऊजींना सांगितलं, "सरळ आहे. ज्यानं बनवली त्यानं परत घ्यायची."

"मी काय म्हणत होतो!" भाऊजी म्हणाले. त्यांनी पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘उत्पादकाने परत घेणे बंधनकारक’, तो काउंटरच्या वर टांगला आणि डब्यांवरची नावं नव्यानं रंगवली. त्या दुधाची किंमत पुढे काय पडली, ते येईलच.

कायदा झाल्यावर कंपन्यांनी आभार मानणं बंद केलं आणि फोन नंबर दिले. त्या नंबरांवर आधी गाणं वाजतं, मग एक बाई सांगते की एक दाबा, दोन दाबा. भाऊजी फोन काउंटरवर ठेवून डाग देत बसायचे. कधीतरी गाण्याच्या पलीकडून माणूस यायचा.

"बोला सर, काय तक्रार आहे?"

"तक्रार नाही. तुमच्या बॅटऱ्या आहेत माझ्याकडे. घेऊन जा."

"सर, वॉरंटीमध्ये आहेत का?"

"मेल्यात त्या."

"मग बदलून हव्यात का?"

"नको हो. मला काही नको. तुमचं तुम्ही घ्या."

"सर, काही नको असेल तर तशी तक्रार नोंदवता येत नाही."

हे असं वर्षानुवर्षं चाललं होतं, आणि चाललंही असतं. पण या वर्षी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका फोनच्या दुकानात फुगलेल्या बॅटऱ्यांचा ढीग पेटला. कुणाला लागलं नाही, पण अग्निशमन खात्याचे साहेब वही घेऊन घराखालच्या प्रत्येक दुकानात फिरू लागले. आमच्याकडेही आले. गंभीर चेहऱ्याचे, जपून पाऊल टाकणारे. त्यांनी मागच्या खोलीत डोकावून पाहिलं.

"हे सगळं काय आहे?"

"कंपन्यांचा माल आहे," भाऊजी म्हणाले. "माझा नाही."

साहेबांनी एक डबा उघडला, बोटानं वाळू चाचपली, टोकांवरची पट्टी पाहिली. "वाळू चांगली कोरडी आहे," ते म्हणाले. "काम नीट केलंय तुम्ही. पण वर माणसं राहतात. एकवीस दिवसांत खोली रिकामी दिसली नाही, तर मला दुकानाला सील लावावं लागेल. इथं सही करा."

भाऊजींनी सही केली. त्या दिवशी त्यांनी चष्मा शोधला नाही, कारण तो कपाळावर चढवलाच नव्हता.

ताईनं मला फोन करून बोलावलं. मी गेले तर ती पायरीवर भाजी निवडत बसली होती, आणि भाजीपेक्षा रागच जास्त निवडत होती.

"तेवीस वर्षांचं दुकान, गं. आणि बंद झालं तर हे दिवसभर घरात! कल्पना कर. डाळीच्या डब्यांना चिठ्ठ्या लावतील. मला लावतील."

तिसऱ्या दिवशी भंगारवाला हातगाडी घेऊन आपणहून दारात उभा राहिला. त्याची भाऊजींशी जुनी ओळख. "सगळं उचलतो," तो म्हणाला. "आत्ता. तासाभरात खोली मोकळी. तुमचं काम होईल, माझंही होईल."

"नाही," भाऊजी म्हणाले.

"अहो, पण का?" ताई जिन्यातून खालीच आली. "कंपनी येत नाही, टपालवाले घेत नाहीत, साहेब सील लावणार. हा भला माणूस दारात गाडी घेऊन उभा आहे आणि तुम्ही नाही म्हणता? दुकान मोठं की तो पुठ्ठा मोठा?"

भंगारवाला ओशाळून गाडी घेऊन गेला. भाऊजी काही वेळ डागाची इस्त्री पुसत राहिले. मग त्यांनी ते सांगितलं, जे अकरा वर्षांत ताईलाही सांगितलं नव्हतं.

आधी तेही जुन्या बॅटऱ्या भंगारातच द्यायचे. एक पोतं दिलं होतं. आठ दिवसांनी काही कामानं त्या बाजूला गेले, तर भंगारवाल्याची वहिनी दारात बसून दगडानं एकेक बॅटरी फोडत होती. आतलं एका बाजूला, पत्रा एका बाजूला. बोटं काळी, डोळ्यांतून पाणी. तिनं यांना ओळखलं, पदरानं डोळे पुसले आणि सहज विचारलं, "भाऊ, यात काय असतं हो? डोळे फार चुरचुरतात."

"मला माहीत होतं काय असतं ते," भाऊजी म्हणाले. "आणि मी म्हणालो, बघून सांगतो."

ताई वर गेली. थोड्या वेळानं चहा घेऊन खाली आली, आणि कपाबरोबर माझ्यापुढे माझाच फोन ठेवला.

"ते कंपन्यांचं काय ते भरतेस ना तू फोनवर? दाखव मला."

मी दाखवलं. कायद्यानंतर कंपन्यांनी मिळून एक अर्ज काढला होता, फोनवर भरायचा. मी भाऊजींच्या वतीनं तो चार वेळा भरला होता. नाव, पत्ता, दुकानाचा प्रकार.

"हे काय?" ताईनं बोट ठेवलं. "अंदाजे वजन, किलो. इथं एक का लिहिलंयस?"

"अगं, भाऊजी म्हणाले त्रेचाळीस डबे लिही. ते घेईना. मोकळं सोडलं तर पुढेच जाईना. म्हणून आपला एक टाकला."

ताई माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी तिची नवी वही मी पाण्यात पाडली होती तेव्हा बघितलं होतं, तसं.

"एक किलोसाठी गाडी कोण पाठवील? तू पाठवशील? भाजीवालासुद्धा नाही पाठवणार! वजन मागतायत तर वजन द्यावं ना माणसानं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या खोलीत ताईचं राज्य सुरू झालं. वाळूचं वजन धरायचं नाही म्हणून आधी वाळू चाळायची. तिनं स्वयंपाकघरातली पिठाची मोठी चाळण आणली. "ही आता वर येणार नाही," तिनं जाहीर केलं. "नवी हवी मला, जाड काठाची." रद्दीवाल्याकडून काटा आणला. मी चाळत होते, ताई तोलत होती. भाऊजी बॅटऱ्या फडक्यानं पुसून, डब्यात नवी कोरडी वाळू घालून, परत आपापल्या डब्यात निजवत होते, आणि मधूनमधून कळवळून ओरडत होते, "अहो, कोंबड्याची घुबडात टाकू नका!"

दोनशे ऐंशी किलो भरलं. मी अर्जात तेवढा आकडा टाकला.

अर्ज गेल्यावर चौथ्या दिवशी फोन वाजला. गाणं नाही, एक दाबा नाही. थेट माणूस. "दोनशे ऐंशी नक्की ना हो? शून्य जास्त पडलं नाही ना?" कंपन्यांना वर्षाला ठराविक वजन गोळा केल्याचं सरकारला दाखवावं लागतं म्हणे, आणि वर्ष संपत आलं तरी गोळा झालेलं नव्हतं. आम्ही अकरा वर्षं त्यांना शोधत होतो आणि ते आम्हाला शोधत होते, मध्ये फक्त माझा एक किलो आडवा पडला होता. गाडी मुदतीच्या एकोणिसाव्या दिवशी येईल असं ठरलं.

गाडी आली ती अकरा वाजता. चालक गाडीतच बसून राहिला. एक तरुण बाई उतरली, जाड हातमोजे, डोळ्यांवर मोठा चष्मा, बोलण्यात घाई पण हसरी. तिनं चार पिंपं उतरवून घेतली. भाऊजींनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मुलीच्या पाठवणीला बाप उभा राहतो तसे ते डब्यांच्या रांगेपाशी उभे होते.

बाईनं पहिला डबा उघडला. घुबडवाली. वाळूतून काढून एका पिंपात ओतली. दुसरा डबा, कोंबडावाली. त्याच पिंपात.

"अहो, अहो!" भाऊजी पुढे धावले. "ती कोंबड्याची आहे!"

"असू दे काका. लिथियमच आहे ना?"

"आहे. पण कंपनी वेगळी आहे!"

"कंपनीशी मला काही नाही. एका पिंपात लिथियम, एकात निकेल, एकात शिशाच्या, आणि लाल झाकणात फुगलेल्या. पुढे सगळ्या कंपन्यांचं एकत्रच फोडतात, धातू काढतात. कंपनीच्या नावावर नुसतं वजन मांडतात, ज्यानं जितकी विकली त्या हिशेबात. कायद्यातच आहे की. परिशिष्टात."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागले. भाऊजींनी मात्र हळूच माझ्याकडे मान वळवली.

"मेहुणीबाई, पदवी कुठल्या विषयाची होती म्हणालात?"

"दूध उतू चाललं होतं," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मला वाटलं, हसण्यावारी जाईल. पण भाऊजींनी पुढच्या डब्याचं झाकण लावलं आणि त्या डब्यावर चक्क बसले.

"मग नाही द्यायच्या मला."

"अहो!" ताई म्हणाली. "परवा सील लागणार आहे!"

"लागू दे. घुबडवाल्यांच्या बॅटऱ्या नऊ-दहा महिन्यांत फुगतात. कोंबडावाल्यांच्या पाच वर्षं चालतात. एका पिंपात घातल्या की दोघं सारखे झाले. घुबडवाला वजन भरून मोकळा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच बनवणार. ज्याचं त्याच्या दारात नाही गेलं, तर त्याला कळणार कसं?"

चालकानं एकदा भोंगा वाजवला. त्या बाईनं हातातली बॅटरी उलटीपालटी केली आणि चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली.

"ही दुसरी तारीख कसली, काका?"

"बंद पडल्याची."

तिनं आणखी एक उचलली. मग आणखी एक. घुबड, अकरा महिने. घुबड, नऊ महिने. कोंबडा, पाच वर्षं दोन महिने. "सगळ्यांवर लिहिलंय?"

"सगळ्यांवर."

"आमच्याकडे हे कुणीच लिहीत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "आमच्याकडे पोचेपर्यंत सगळ्या सारख्याच दिसतात."

"म्हणून तर बसलोय!" भाऊजी म्हणाले.

"मग चिठ्ठ्या काढून घ्या," ताई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर कमरेला पदर खोचून उभी होती. "त्यात न कळण्यासारखं काय आहे? बॅटऱ्या यांना द्या, चिठ्ठ्या तुम्ही ठेवा. वजन त्यांच्याकडे जाऊ दे, नाव तुमच्याकडे राहू दे. कागद तर टपालानं जातो ना? मग ज्याच्या त्याच्या दारात तो पाठवा. आणि आधी उठा त्या डब्यावरून, पत्रा दबतोय."

भाऊजी उठले. अकरा वर्षांत त्यांना इतक्या कमी शब्दांत कुणी समजावलं नव्हतं.

"पाचपर्यंत थांबते," ती बाई म्हणाली आणि आम्हालाही हातमोजे काढून दिले. चालकाची समजूत ताईनं पोटभर जेवण घालून काढली. मग आम्ही जमिनीवर गोल करून बसलो. शिंपी आपली बारीक कात्री घेऊन आला. "टोकांच्या काळ्या पट्टीला हात लावायचा नाही, फक्त चिठ्ठी," त्या बाईनं सांगितलं, आणि शिंप्यानं ज्या सफाईनं टेपखाली कात्री घातली ती पाहून ती म्हणाली, "काका, नोकरी हवी का?" बोटं दुखून आली. चिठ्ठ्या कंपनीवार ताईच्या ताटांत पडत होत्या, बॅटऱ्या प्रकारवार पिंपांत. फुगलेल्या त्या गाडीवाल्या बाईनं एकटीनं हाताळल्या, आम्हाला जवळ येऊ दिलं नाही. त्यांत घुबडच घुबड होतं.

पाचला पाच कमी असताना शेवटचा डबा रिकामा झाला. पिंपं गाडीत चढली. भाऊजींनी त्या बाईला विचारलं, "तिथं फोडायला माणसं बसतात का?"

"यंत्र आहे, काका. बंद खोलीत. धूर ओढून घेणारं. माणूस काचेच्या बाहेर उभा असतो."

भाऊजींनी मान हलवली. गाडी गेल्यावर ते दुकान उघडं टाकून चालत कुठंसं गेले. कुठं ते मला ताईनं नंतर सांगितलं. भंगारवाल्याकडे. त्याच्या वहिनीला सांगायला, की यात काय असतं. अकरा वर्षं उशिरा का होईना, त्यांनी बघून सांगितलं होतं. तिनं असल्या बॅटऱ्या फोडणं केव्हाच सोडलं होतं म्हणे, पण ऐकून घेतलं, आणि घरात पडलेल्या सात बॅटऱ्या यांच्या हातात दिल्या.

एकविसाव्या दिवशी अग्निशमन खात्याचे साहेब आले. खोली रिकामी, झाडलेली, कोपऱ्यात फक्त तीन डबे. "हे तीन चालतील का?" ताईनं विचारलं. "दर तीन महिन्यांनी गाडी येणार आहे. तसा कागद दिलाय." साहेबांनी कागद वाचला, तीन डबे चालतील असं वहीत लिहिलं. मग वही मिटून जरा घुटमळले, खिशात हात घातला आणि फोनची एक बॅटरी काउंटरवर ठेवली. चांगलीच पोट सुटलेली.

"घरात कपाटात पडली होती," ते खालच्या आवाजात म्हणाले. "कुठं टाकावी कळेना."

भाऊजींनी चष्मा कपाळावर ढकलला. काळी चिकटपट्टी घेतली. "विकत कधी घेतली होती, साहेब? महिना आठवतो का?"

चिठ्ठ्यांची पाकिटं मी पत्ते घालून दिली. टपाल कचेरीतल्या त्याच बाईंनी घुबडवाल्यांचं जाडजूड पाकीट कानाशी धरून हलवलं. खडखड आली नाही, म्हणून शिक्का मारला. कोंबडावाल्यांनी उलट टपाली विचारलंय की अशा तारखा पुढेही कळवाल का. घुबडवाल्यांचं अजून काही आलेलं नाही. दिवसा त्यांना दिसत नसेल, असं शिंप्याचं मत आहे.

आणि ताई काल माझ्याकडे आली. चार दिवसांसाठी. नवी चाळण घेऊन, कारण माझी जुनी झालीय असं तिला वाटतं. दारात तिच्या हातातली बॅग घेतली, तर मुठीला पारदर्शक टेपनं काहीतरी डकवलेलं होतं. बोटभर कागदी पट्टी, मुंगीच्या पावलांएवढी अक्षरं. मी चष्मा लावून वाचलं. आलेली तारीख, नेण्याची तारीख, आणि खाली ओळ: ‘वापरकर्त्याकडे परत पाठवणे बंधनकारक.’

"वापरकर्ता म्हणे!" ताई म्हणाली. "जाऊ दे मला घरी, बघते त्या वापरकर्त्याकडे."

पण चिठ्ठी काढायला मी हात घातला, तेव्हा तिनं बॅग पटकन मागे ओढली.